बुडखा जमिनीतच राहतो: एचआयव्ही, रोजची एक गोळी आणि ती कुठे चुकते

ऊस तुटून गेला की रान मोकळं दिसतं, पण बुडखा जमिनीतच असतो. पाणी मिळालं की दोन-तीन आठवड्यांत सरीसरीतून हिरवे कोंब वर येतात आणि खोडवा उभा राहतो. कृष्णा-वारणाकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. एचआयव्हीचंही असंच आहे. गोळ्यांनी रक्तातला विषाणू इतका कमी होतो की मशीनला सापडत नाही, आणि माणसाला वाटतं आजार गेला. मग गोळ्या बंद होतात. साधारण दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा रक्तात दिसायला लागतो.

हा बुडखा नेमका असतो कुठे? आपल्या रक्तात सीडीफोर नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. शरीरात परका जंतू आला की बाकीच्या संरक्षक पेशींना कामाला लावायचं काम त्या करतात. निरोगी माणसात घन मिलिमीटर रक्तामागे त्या साधारण ५०० ते १,५०० असतात. एचआयव्ही याच पेशींत शिरतो. त्याला स्वतःच्या बळावर वाढता येत नाही, म्हणून तो आपल्या आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करतो आणि ती नक्कल पेशीच्या डीएनएमध्ये नेऊन जोडतो. त्यानंतर ती पेशी त्याच्यासाठी राबते. औषध नसेल तर शरीरात दिवसाला एक हजार कोटींच्या आसपास नवे विषाणू तयार होतात, आणि घाईघाईच्या नकलेत चुका होत असल्यामुळे थोडे वेगळे प्रकारही सतत जन्मतात. काही संसर्ग झालेल्या पेशी मात्र गप्प बसून राहतात. त्या विषाणू तयार करत नाहीत, म्हणून औषधाच्या तडाख्यात सापडत नाहीत. हाच तो बुडखा, आणि तो मुळासकट उपटणारं औषध अजून उपलब्ध नाही.

उपचार नसतील तर सीडीफोर हळूहळू घटत जातात. बहुतेकांना आठ-दहा वर्षं फारसं काही जाणवत नाही. संख्या २००च्या खाली गेली किंवा काही ठरावीक गंभीर आजार झाले की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे एचआयव्ही असलेला प्रत्येक माणूस एड्सचा रुग्ण नसतो, आणि वेळेवर औषध घेणाऱ्या बहुतेकांवर ती वेळ कधी येतही नाही.

चाचणी: एका रेषेवर निकाल लावू नका

सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशन व चाचणी केंद्राला सगळे आयसीटीसीच म्हणतात. सांगली, मिरज आणि साताऱ्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत ही केंद्रं आहेत आणि अनेक ग्रामीण रुग्णालयांतही. चाचणी मोफत असते. आधी समुपदेशक बोलतात, संमती घेतात, मग हाताच्या शिरेतून थोडं रक्त घेतात. रक्तातलं पाणी वेगळं करून ते किटवर सोडतात. तिथे एक खूण कायम उमटायलाच हवी. ती किट नीट चालल्याची खूण. ती उमटली नाही तर ते किट बाद, निकाल काहीही दिसो. दुसरी खूण उमटली तर नमुना संशयित.

इथेच खूप गोंधळ होतो. पहिल्या किटवर खूण उमटली म्हणजे माणूस पॉझिटिव्ह ठरत नाही. त्याच रक्तावर दुसऱ्या आणि तिसऱ्या, वेगळ्या बनावटीच्या किटवर चाचणी होते, आणि तिन्हींवर तसाच निकाल आला तरच अहवाल पॉझिटिव्ह लिहिला जातो. तिन्हींत मेळ बसला नाही तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात. ऑपरेशनच्या आधी किंवा लग्नाआधी खासगी लॅबमध्ये एकाच कार्डावर झालेली चाचणी हातात घेऊन सोयरीक मोडू नका. तो कागद घेऊन आधी आयसीटीसीत जा.

उलटी चूकही होते. किट विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधतं, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. बहुतेकांत ती महिना-दीड महिन्यात दिसतात, काहींत तीन महिने लागतात. धोक्याच्या प्रसंगानंतर आठव्या दिवशी आलेला निगेटिव्ह अहवाल त्या प्रसंगाबद्दल काहीच सांगत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. या मधल्या काळात रक्तात विषाणू भरपूर असतो आणि संसर्ग सहज पसरतो, म्हणून निरोध वापरायचाच आणि रक्तदान करायचं नाही.

गोळीत काय असतं

भारतात सरकारी केंद्रांतून एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. तेव्हा सीडीफोर २००च्या खाली गेल्याशिवाय औषध सुरू होत नसे. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वर गेली, आणि २०१७ पासून निदान झालं की लगेच औषध, सीडीफोर कितीही असो, असं धोरण आहे. 'अजून माझी तब्येत चांगली आहे, बघू नंतर' याला आता कसलाच वैद्यकीय आधार उरलेला नाही.

बहुतेक प्रौढांना आज दिवसाला एकच गोळी असते. तिच्यात तीन औषधं: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. पहिली दोन विषाणूची नक्कल होऊ देत नाहीत. तिसरं, झालेली नक्कल पेशीच्या डीएनएत जोडू देत नाही. तीन का? कारण रोज इतके वेगवेगळे प्रकार जन्मतात की एका औषधाला दाद न देणारा एखादा आधीच हजर असतो. तिन्हींना एकाच वेळी चुकवणारा सापडणं फार अवघड. म्हणूनच गोळी अर्धी करून 'थोडी थोडी' घेणं किंवा एक दिवसाआड घेणं घातक आहे. कमी मात्रेत विषाणू मरत नाही, उलट औषधाला सरावतो.

सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन, यकृत, क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्या होतात. क्रिएटिनिन मूत्रपिंडासाठी, कारण टेनोफोविरचा भार तिथे पडतो. हिपॅटायटिस बी असलेल्यांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवावी: या गोळीतली पहिली दोन औषधं त्या कावीळीच्या विषाणूलाही दाबून ठेवतात, आणि गोळी अचानक सोडली तर यकृताला जोरात सूज येऊ शकते.

पहिल्या काही दिवसांत डोकं दुखणं, मळमळ किंवा झोप न लागणं होतं. झोपेचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगून गोळी सकाळी घ्यायची. पुढे काहींचं वजन वाढतं. सीडीफोर फार खाली असलेल्यांत मात्र वेगळंच काही घडू शकतं. औषध सुरू झाल्यावर प्रतिकारशक्ती जागी होते आणि आत लपलेल्या टीबीवर तुटून पडते. मग ताप येतो, मानेच्या गाठी सुजतात. लोक म्हणतात गोळी बाधली. गोळी बंद करायची नसते, त्याच दिवशी केंद्रात जायचं असतं.

टीबीबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे सर्वांत जास्त जीव टीबीच घेतो. दर भेटीत चार प्रश्न विचारतात: खोकला, ताप, वजनात घट, रात्रीचा घाम. एकाचंही उत्तर हो असेल तर थुंकीची तपासणी. लपवू नका, खोकला दोन दिवसांचा असला तरी सांगा. टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणून सहा महिने आयसोनियाझिडची गोळी देतात. टीबी असेल तर त्याचं औषध आधी आणि एआरटी डॉक्टर सांगतील तेव्हा मागून. टीबीतलं रिफाम्पिसिन डोल्युटेग्राविरला शरीरातून लवकर बाहेर काढतं, म्हणून डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची एक जादा गोळी बारा तासांनी घ्यावी लागते, आणि टीबीचा कोर्स संपल्यावरही आणखी दोन आठवडे. ही जादा गोळी अनेकदा राहून जाते. खासगी डॉक्टरकडे टीबीचं औषध चालू झालं आणि एआरटी केंद्राला कळलंच नाही, असं झालं तर विषाणू वर येतो आणि कारण कोणालाच समजत नाही.

औषध तुटतं कसं

तीस दिवसांत एक गोळी चुकली तर नियमितपणा ९७ टक्के. दोन चुकल्या तर ९३. केंद्रात ९५ टक्क्यांच्या वर राहा असं सांगतात, म्हणजे महिन्याला एकाच चुकीला जागा. आठवलं की लगेच घ्यायची, मात्र पुढच्या गोळीला चार तासांपेक्षा कमी राहिले असतील तर ती सोडून पुढची ठरल्या वेळी घ्यायची. एका वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

पण आमच्या मते विसरभोळेपणाने जेवढं औषध तुटतं त्याहून जास्त लपवण्याने आणि प्रवासाने तुटतं, आणि हे दोन्ही आपल्या भागाला नेमकं लागू आहे.

डबीकडे नीट बघा. पांढरी प्लास्टिकची डबी, ३० गोळ्या, वर औषधांची नावं छापलेली चिठ्ठी, आत ओलावा शोषणारी छोटी पुडी. एकत्र कुटुंबात ही डबी कपाटात ठेवली तर जाऊबाई विचारणार कसली गोळी. म्हणून चिठ्ठी खरवडतात, गोळ्या खळखळू नयेत म्हणून कापूस कोंबतात, किंवा गोळ्या वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून धान्याच्या डब्यात ठेवतात. पावसाळ्यात महाबळेश्वर, पाटणकडच्या दमट हवेत अशा उघड्या गोळ्या ओल धरतात. आणि घरात पाहुणे आले, लग्न निघालं, की तीन दिवस गोळी घ्यायला आडोसाच मिळत नाही. यावर उपाय आहे. आठवड्यापुरत्या गोळ्या झाकण घट्ट बसणाऱ्या साध्या छोट्या डबीत, आतली पुडी मूळ डबीतच, आणि घरातल्या किमान एका माणसाला खरं सांगणं. समुपदेशक त्या माणसाला आपल्यासमोर बसवून समजावतात. असा एक माणूस असेल तर लपवण्याचा अर्धा भार उतरतो.

दुसरं प्रवासाचं. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई कारागीर सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेत. पाटण, जावळीचे कितीतरी माथाडी वाशीच्या बाजारात आहेत. पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे ट्रकचालक, हंगामात कारखान्यांवर येणारे ऊसतोड मजूर, सगळ्यांचं गाव एकीकडे आणि पोट दुसरीकडे. गावाकडे दिवाळीला येऊन तीन महिन्यांच्या गोळ्या घेतल्या, पुढची खेप चुकली, की डबी रिकामी. तब्येत स्थिर असणाऱ्यांना एकदम जास्त महिन्यांचं औषध मिळू शकतं, ते मागायला संकोच करू नका. वर्षातले बरेच महिने बाहेरच काढत असाल तर रीतसर बदली करून घ्या. केंद्र बदलीचा कागद देतं, तो आणि औषधांचं पुस्तक घेऊन जिथे राहता तिथल्या एआरटी केंद्रात नाव लागतं. औषध देशभर मोफतच आहे. आणि मधेच अडकलात, गोळ्या चार दिवसांच्याच उरल्या, तर जवळच्या कुठल्याही एआरटी केंद्रात पुस्तक दाखवून बोला, गावी जायची वाट बघू नका. ते केंद्र कुठे आहे हे १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं.

जतच्या पूर्व भागातून सांगलीला यायचं म्हणजे एक मजुरी बुडते. अशांसाठी तालुक्याजवळची लिंक एआरटी केंद्रं आहेत, तब्येत स्थिरावली की औषध तिथून मिळतं. एसटीच्या साध्या गाड्यांत एचआयव्हीसह जगणाऱ्यांना प्रवास सवलत आहे आणि संजय गांधी निराधार योजनेतही नाव लागू शकतं. कागदपत्रांची माहिती समुपदेशकाकडे मिळते.

आणखी एक छोटी वाटणारी, पण औषध निकामी करणारी गोष्ट. पित्तासाठी घेतलेलं पातळ पांढरं औषध, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या डोल्युटेग्राविरला पोटातच बांधून टाकतात. पित्ताचं औषध घ्यायचं असेल तर एआरटीची गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. लोह-कॅल्शियमचंही तसंच, किंवा मग दोन्ही जेवणाबरोबर एकदम चालतात, उपाशीपोटी नाही. गरोदरपणात रोज लोहाची गोळी असते, तिथे हे हमखास चुकतं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा, त्याची मात्रा दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत.

काढ्यांबद्दल स्पष्टच लिहितो. एड्स बरा करतो असा दावा कोणत्याही औषधाच्या जाहिरातीत करता येत नाही, औषध नियमांतल्या अनुसूची जे मध्ये तशी बंदी आहे. असा दावा करून एआरटी थांबवायला लावणारा माणूस समोरच्याचा जीव धोक्यात घालतो.

विषाणू सापडत नाही तेव्हा

औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, मोजतात. मिलिलिटरमागे १,००० च्या वर आला तर आधी गोळ्या कुठे चुकताहेत ते शोधतात, तीन महिने बारकाईने पाठपुरावा करतात, पुन्हा मोजतात. तरीही खाली आला नाही तर औषधाची पुढची फळी.

२०० च्या खाली व्हायरल लोड टिकून असलेल्या माणसाकडून शारीरिक संबंधांतून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. ही दिलासा देण्यापुरती बोललेली गोष्ट नाही. एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशा १,७६३ जोडप्यांवर झालेल्या जागतिक अभ्यासात पुणे आणि चेन्नईही होतं. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: लवकर औषध सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला होता. नंतरच्या युरोपातल्या अभ्यासांत, विषाणू दबलेल्या जोडप्यांत निरोधाविना हजारो संबंधांनंतरही एकमेकांकडून एकही संसर्ग सापडला नाही. नवरा-बायकोला मूल हवं असेल तर ते या वाटेने, डॉक्टरांच्या सल्ल्याने, शक्य आहे. ही माहिती अजून कितीतरी जोडप्यांपर्यंत पोचलेली नाही आणि त्यामुळे घरं मोडतात, याचं फार वाईट वाटतं. निरोध मात्र इतर गुप्तरोगांसाठी लागतोच, आणि व्हायरल लोड दबलाय हे कागदावर येईपर्यंत तर नक्कीच.

आई आणि बाळ

काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के. आईचं औषध नीट चालू असेल तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते, विषाणू पूर्ण दबलेला असेल तर त्याहूनही कमी. म्हणून पहिल्याच तपासणीत एचआयव्हीची चाचणी करून घ्या. बाळाला जन्मल्यापासून नेव्हिरापिनचं पातळ औषध, किमान सहा आठवडे. सहा आठवड्यांनी बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावरच्या गोलांत घेतात. प्रत्येक गोल पूर्ण भरायला हवा आणि कागद नीट वाळायला हवा, नाहीतर नमुना परत येतो. सहाव्या आणि बाराव्या महिन्यात पुन्हा तपासणी, शेवटची अठराव्या महिन्यात. त्याआधी साधं किट बाळाला लावून उपयोग नाही, आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असतात आणि किट फसतं.

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. घुटी नाही, मध चाटवायचा नाही, वरचं दूध नाही, पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधं तेवढी चालतात. वरचं काही दिल्याने कोवळ्या आतड्याला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते. आजीला हे पटवणं हे समुपदेशकाचं सर्वांत अवघड काम असतं, आणि आजीला पटलं तर सगळं सोपं होतं.

नोकरी आणि घर

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढता येत नाही, दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. बाईला आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. शंभर किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. साखर कारखाने, सूतगिरण्या यात येतात. दवाखान्यांना ही मर्यादा वीस माणसांची.

एका ताटात जेवल्याने, एकाच पेल्यातून पाणी प्यायल्याने, डासाने, खोकल्याने, हात धरल्याने एचआयव्ही जात नाही. जत्रेत एकाच सुईने सगळ्यांना गोंदणाऱ्याकडून मात्र गोंदवून घेऊ नका, तिथे एचआयव्हीपेक्षाही हिपॅटायटिस बीचा धोका मोठा. निरोधाचा प्रसार कसा होतो हे सांगलीने देशाला दाखवलंय: १९९२ पासून संग्राम संस्थेसोबत इथल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांनी स्वतः एकमेकींना निरोध वाटले, आग्रह धरायला शिकवलं, आणि १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली.

सुई टोचली, निरोध फाटला, बलात्कार झाला, तर ७२ तासांच्या आत पीईपी नावाचं औषध सुरू करता येतं. जितक्या लवकर तितकं चांगलं, शक्यतो पहिल्या दोन तासांत, आणि मग सलग २८ दिवस. सुई टोचल्यास जागा साबण-पाण्याने धुवायची. पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच लावायचं नाही. पॉझिटिव्ह रक्ताची सुई टोचल्यावर संसर्ग होण्याचं प्रमाण हजारात तीनच्या आसपास आहे, पण म्हणून थांबू नका. शनिवारी रात्री घडलं असेल तर सोमवारच्या ओपीडीची वाट पाहायची नाही. सिव्हिलचा अपघात विभाग रविवारीही उघडा असतो, तिथे जाऊन 'पीईपी हवंय' असं याच शब्दांत सांगा. मंगळवारी रात्री मुदत संपते.